द फॉल्ट इन अवर स्टार्स : हेझलसाठी वाचा, आणि तिच्या आईसाठी

जॉन ग्रीनचं 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' मला प्रचंड आवडलंय, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे चार खुसपटं काढली तरी गैरसमज नको. कॅन्सर झालेली दोन टीनएजर मुलं भेटतात, प्रेमात पडतात आणि त्यातलं एक जातं, एवढी स्टोरी कुणी सांगितली की आपल्याला वाटतं झालं, रडवायची सोय केलेली दिसतेय, आणि त्यात या पुस्तकाची हवा पण काही साधीसुधी नव्हती. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत बाहेर आलं, त्याच्या आधीच ग्रीनने पहिल्या छपाईच्या सगळ्या प्रतींवर स्वतः सही करणार म्हणून जाहीर केलं होतं आणि दीड लाख सह्या खरंच केल्या, त्या वर्षीच्या कादंबऱ्यांमध्ये टाइम मासिकाने याला पहिला नंबर दिला, २०१४ ला पिक्चर आला जो सव्वा कोटी डॉलरच्या आत बनला आणि जगभरात तीस कोटी डॉलरच्या वर कमावून गेला. मग ते निळं कव्हर आणि त्यावरचे काळे-पांढरे ढग आपल्याकडेही फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात, कॉलेजच्या पोरींच्या बॅगेत, सगळीकडे दिसायला लागले.

एवढ्या गाजावाजानंतर पुस्तक हातात आलं की माणूस जरा तपासतच वाचतो. मीही तसंच सुरू केलं आणि पहिल्याच प्रकरणात हेझल आवडायला लागली ती शेवटपर्यंत.

खाली मी सगळं सांगितलंय, शेवटसुद्धा, त्यामुळे ज्यांना काही माहीत नसताना वाचायचंय त्यांनी इथेच थांबून आधी पुस्तक मिळवा.

हेझल ग्रेस लँकेस्टर, वय १६, राहणार इंडियानापोलिस. तेराव्या वर्षी थायरॉईडचा कॅन्सर निघाला तोच चौथ्या स्टेजचा, फुप्फुसात पसरलेला. एका नव्या औषधाने गाठी वाढायच्या थांबल्यात म्हणून ती जिवंत आहे (औषधाचं नाव फॅलँक्सिफॉर, ते ग्रीनने कल्पनेतून बनवलंय, असं औषध नाही). नाकात ऑक्सिजनची नळी, मागे चाकांच्या गाडीवर सिलेंडर, रात्री श्वास देणारं मशीन, ज्याला तिने फिलिप असं नाव ठेवलंय. शाळा सुटलेली, मैत्रिणी लांब गेलेल्या, टीव्हीवर रिअॅलिटी शो बघत पडून राहते आणि एकच पुस्तक परत परत वाचते. आईला आणि डॉक्टरला वाटतं ही डिप्रेशनमध्ये गेलीय, म्हणून दर बुधवारी चर्चच्या तळघरात सपोर्ट ग्रुपला पाठवतात. तिथे सगळी आजारी पोरं गोल बसतात, नाव सांगायचं, वय सांगायचं, काय झालंय ते सांगायचं, आणि शेवटी प्रार्थनेत आधी येऊन गेलेल्या आणि आता नसलेल्या मुलांची नावं वाचली जातात, ती यादी वाढतच जाते. हेझलला त्या यादीचा वैताग येतो, कारण उद्या आपलं नाव त्याच्यात अगदी शेवटी असणार आणि तोपर्यंत कुणाचंच लक्ष नसणार. हे सगळं ती रडत सांगत नाही हो, चिडून सांगते, हसत सांगते, आणि इतक्या हुशारीने सांगते की वाचताना आपण तिच्या आजारापेक्षा तिच्या डोक्याच्या प्रेमात पडतो.

मला वाटतं या पुस्तकाची खरी ताकद इथे आहे. आपल्याकडे आजारी माणसाला एक तर बिचारा करतात नाही तर शूर करतात, मधलं काही शिल्लकच ठेवत नाहीत. घरात पेशंट असला की येणारा प्रत्येक जण म्हणतो 'किती धीराची आहेस गं', आणि त्या पेशंटला त्या दिवशी धीर वगैरे काही नसतो, तिला फक्त झोपायचं असतं नाही तर कुणाला तरी दोन शिव्या घालायच्या असतात. हेझल त्या 'किती धीराची' वाल्यांना पुस्तकभर उत्तर देते. कॅन्सर झालेल्या पोरांना ज्या फुकटच्या सवलती मिळतात, म्हणजे सही केलेला बास्केटबॉल, होमवर्कमधून सूट, टेस्ट न देता मिळालेलं लायसन्स, त्याला ती आणि तिचे मित्र कॅन्सरचे फायदे म्हणतात आणि बिनधास्त वापरतात. मला हे फार खरं वाटलं, कारण अठरा वर्षांच्या आतल्या मुलांना आजारपणातही मजा करायची असते, आगाऊपणा करायचा असतो, आणि मोठ्यांना ते बघवत नाही.

आपण कॅन्सरच्या गोष्टी पिक्चरमधून शिकलोय. १९७१ चा 'आनंद', १९७८ चा 'अखियों के झरोखों से', ज्यात आपला सचिन पिळगावकर होता आणि नायिकेला ब्लड कॅन्सर. हे दोन्ही मला आवडतात, आनंद तर कितीही वेळा लागला तरी बघते. पण त्यात आजारी माणूस दुसऱ्यांना जगायला शिकवण्यासाठी असतो, तो स्वतः हसतो आणि रडतात ते बाकीचे, आणि तो गेल्यावर मागे राहिलेल्याचं आयुष्य सुधारतं. ग्रीनच्या पोरांना कुणाला काही शिकवायचं नाहीये. हेझल स्वच्छ सांगते की कॅन्सरची पोरं काही इतरांपेक्षा भली नसतात. ऑगस्टसची आधीची गर्लफ्रेंड कॅरोलाइन ब्रेन ट्यूमरने गेलेली असते आणि शेवटच्या महिन्यांत ती वाईट वागायची, टोचून बोलायची, कारण ट्यूमरनेच तिचा स्वभाव बदललेला, आणि ऑगस्टस तिला सोडू पण शकत नव्हता. ही दोन-तीन पानं प्रेमकथेत घालायला हिंमत लागते, कारण मेलेल्या पोरीबद्दल कुणी असं लिहीत नाही.

आता ऑगस्टस वॉटर्स. वय १७, हाडाचा कॅन्सर, एक पाय कापलेला, पूर्वीचा बास्केटबॉलपटू, दिसायला देखणा, आणि पहिल्याच भेटीत हेझलकडे टक लावून बघणारा. जगभरच्या पोरी ज्याच्यावर फिदा झाल्या तो हा. माझं खुसपट नंबर एक म्हणजे हा पोरगा पहिल्या अर्ध्या पुस्तकात फार बोलतो. सतराव्या वर्षी कुणी इतकं घडवलेलं बोलत नाही, त्याची वाक्यं आरशासमोर उभं राहून पाठ केल्यासारखी वाटतात. ती न पेटवलेली सिगरेट तोंडात धरायची, मारणारी वस्तू दातात धरायची पण तिला मारायची ताकद द्यायची नाही, असलं तत्त्वज्ञान, ते मला पहिल्यांदा वाचताना जरा जास्तच झालं होतं. पण पुढे बघा ग्रीनने त्याचं काय केलंय. आजार परत आल्यावर एका रात्री ऑगस्टस एकटा गाडी घेऊन पेट्रोल पंपावर सिगरेटचं पाकीट आणायला जातो, का तर एक गोष्ट तरी आपली आपण करून बघावी म्हणून, आणि तिथे गाडीतच अडकतो, पोटात बसवलेल्या नळीला इन्फेक्शन झालेलं, उलटी अंगावर, रडतोय आणि हेझलला फोन करतोय की ॲम्ब्युलन्स बोलावू नको. ती बोलावते. तिच्या समोर तो मुलगा स्वतःवर चिडून ओरडत असतो आणि पहिल्या पानांवरचा तो देखणा, मोठमोठं बोलणारा पोरगा कुठे उरलेलाच नसतो. हा प्रसंग वाचला आणि मग मला कळलं की आधीचं ते सगळं बोलणं मुद्दाम तसं ठेवलंय, कारण त्याला मोठं व्हायचं होतं, लक्षात राहायचं होतं, विसरलं जाण्याची त्याला भीती होती, आणि आजार माणसाला मोठं बिठं काही होऊ देत नाही. सिगरेटवर नाक मुरडणाऱ्यांनी इथपर्यंत तरी वाचाच.

आयझॅकबद्दल थोडं. हा त्यांचा मित्र, डोळ्यांचा कॅन्सर, एक डोळा आधीच गेलेला आणि आता दुसराही काढणार. ऑपरेशनच्या आधी त्याची गर्लफ्रेंड मोनिका त्याला सोडून जाते, कारण आंधळ्या मुलाशी ब्रेकअप करायला तिला जमणार नव्हतं म्हणून ती ते आधीच उरकते. ऑगस्टस त्याला आपल्या जुन्या ट्रॉफ्या फोडायला देतो आणि तो एकेक करून फोडत राहतो, बाजूला हे दोघं पुस्तकावर बोलत बसलेत. आपल्याला 'श्वास' आठवल्याशिवाय राहत नाही, २००४ चा, त्यातल्या परशुला पण डोळ्याचाच कॅन्सर असतो आणि जीव वाचवायचा तर डोळे काढायचे, आणि ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर घेऊन जातात, शेवटचं काय बघायचं ते बघून घे म्हणून. दोन्हीकडे आजार तोच. श्वासमधला मुलगा लहान आहे म्हणून सगळा भार आजोबांवर, आयझॅक सतरा वर्षांचा आहे म्हणून त्याला सगळ्यात जास्त लागतं ते पोरगी सोडून गेली हे. डोळे जाणार याच्यापेक्षा जास्त. वयाचं हे भान ग्रीनला फार पक्कं आहे.

बरं, आता मी ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलेय तिथे येते.

हेझल जे पुस्तक परत परत वाचते त्याचं नाव 'ॲन इम्पीरियल अफ्लिक्शन', लेखक पीटर व्हॅन हाऊटन, दोन्ही काल्पनिक. त्यात ॲना नावाची मुलगी आहे, तिला रक्ताचा कॅन्सर आहे, तिची आई एका डोळ्याने अधू आणि ट्यूलिपवेडी माळीण आहे, त्या आईच्या आयुष्यात एक डच माणूस येतो जो खरा आहे का ठग आहे ते कळत नाही, एक हॅमस्टर पाळलेला आहे, आणि ते पुस्तक वाक्याच्या मध्येच तुटतं, कारण ॲना मेली तरी असेल किंवा लिहू शकत नसेल. हेझलला वेड लागलंय की पुढे काय झालं. ॲनाच्या आईचं पुढे काय झालं, तिने त्या माणसाशी लग्न केलं का, हॅमस्टरचं काय झालं. तिने लेखकाला कितीतरी पत्रं पाठवलीत, एकाचंही उत्तर नाही. मग ऑगस्टस त्या लेखकाच्या असिस्टंटला गाठतो, आजारी मुलांची इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्थेकडची आपली इच्छा हेझलसाठी वापरतो (हेझलने स्वतःची कधीच डिस्ने वर्ल्डला जाऊन वापरून टाकलेली), आणि हे दोघं आणि हेझलची आई ॲमस्टरडॅमला जातात. सगळ्यांना ही ट्रिप रोमँटिक म्हणून आठवते, कालव्याच्या काठावरचं जेवण, शॅम्पेन, झाडांवरून पाण्यावर पडणारा फुलोरा, पिक्चरमधला तो बेंच तर एवढा फेमस झाला की लोक तिथे जायला लागले आणि २०१४ मध्ये तो चक्क गायब झाला, मग नगरपालिकेने परत बसवला.

पण जरा विचार करा ती पोरगी नेमकं काय विचारायला इतक्या लांब गेलीय. नाकात नळी घालून, विमानात बसून, डॉक्टर नको म्हणत असताना. मुलगी मेल्यावर आईचं काय होतं, एवढं एकच तिला विचारायचंय. ॲनाच्या आईबद्दल विचारतेय, पण विचारतेय स्वतःच्या आईबद्दल. कारण लहानपणी एकदा ती आयसीयूमध्ये मरता मरता वाचली होती, त्या रात्री तिने आईला बाबांच्या छातीवर डोकं ठेवून रडताना ऐकलं होतं की आता मी आई राहणार नाही. आईला माहीत नाही की हिने ते ऐकलंय. आणि तेव्हापासून ही मुलगी ते ओझं घेऊन जगतेय. म्हणूनच ती ऑगस्टसला लांब ठेवायला बघते, मी बॉम्ब आहे, कधी तरी फुटणार, तर आजूबाजूला माणसं जितकी कमी तितकं बरं, असं तिचं म्हणणं. लोकांनी त्या बॉम्बवाल्या वाक्याची पोस्टरं केली, टीशर्ट केले, आणि ती ते पहिल्यांदा आईबाबांसमोर बोलते हे मात्र सगळे विसरले. जेवणाच्या टेबलावर. आईबाबांना.

लेखक भेटतो तो दारुडा निघतो, उद्धट, त्या दोघांचा अपमान करतो आणि म्हणतो पुस्तक संपलं की त्यातली माणसं संपली, पुढे काही नाही. हेझल त्याच्या हातातला ग्लास फटका मारून पाडते. पुढे कळतं की त्याची स्वतःची मुलगी आठव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेली आणि ॲना तिच्यावरूनच लिहिलेली. म्हणजे पुढचं त्यालाच लिहिता आलेलं नाही, कारण त्याच्या घरात पुढे जे झालं ते हे असं, बाटली आणि अंधार. मुलगी गेल्यावर आईबापाचं काय होतं याचं एक उत्तर हेझलच्या समोर खुर्चीत बसलेलं असतं, आणि ते किती भयंकर आहे ते तिला तिथे कळतसुद्धा नाही, आपल्याला नंतर कळतं.

दुसरं उत्तर घरी मिळतं. ऑगस्टस गेलाय, हेझल बाहेर निघालीय, आईबाबा म्हणतायत आधी दोन घास खा, त्यावरून भांडण पेटतं आणि त्यात हेझल बोलून टाकते की मी ऐकलं होतं तेव्हा तू काय म्हणालीस ते. आई म्हणते मी चुकीचं बोलले होते गं, तू गेलीस तरी मी तुझी आईच राहणार. आणि मग ती सांगते की ती गुपचूप सोशल वर्कचं शिकतेय, ऑनलाइन, आजारी मुलांच्या घरच्यांना आधार देता यावा म्हणून, आणि हेझलपासून लपवलं कारण हिला वाटायला नको की आई माझ्याशिवायचं आयुष्य आत्तापासून बघायला लागलीय. हेझलला त्याचा आनंद होतो. ती रडते, हसते, तिला सुटल्यासारखं होतं. जे विचारायला ती ॲमस्टरडॅमपर्यंत गेली ते उत्तर आई बाजूच्या खोलीत बसून लिहीत होती.

मला या पुस्तकात सगळ्यात जास्त रडू इथे आलं, ऑगस्टसच्या मरणाला नाही. ज्या पुस्तकाला सगळं जग लव्हस्टोरी म्हणतं त्याचा कणा हा आहे असं मी ठामपणे म्हणते, आणि ज्यांना यात नुसती रडकथा दिसली त्यांनी हेझलच्या आईकडे नीट बघितलेलं नाही. ही बाई पूर्ण वेळ मुलीची सेवा करते, सण शोधून शोधून साजरे करते, हेझलचे अर्धे वाढदिवस सुद्धा, म्हणजे साडेसोळा वर्षं झाली तर तेहतिसावा अर्धा वाढदिवस, सपोर्ट ग्रुपच्या बाहेर गाडीत वाट बघत बसते. तिला बघून आधी आपल्याला वाटतं की किती चिकटलेली आई आहे. नंतर कळतं की या घरात वर्ष पूर्ण होईल याची खात्री नाही म्हणून सहा महिन्यांचा पण वाढदिवस करायचा. बाबा पण छान लिहिलेत, हळवा माणूस, पुस्तकभर रडतो आणि कुणी त्याला पुरुषासारखा वाग म्हणत नाही.

ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घरातल्या किसवरून बरेच लोक चिडले होते, अजूनही चिडतात. ज्या घरात ते ज्यू कुटुंब नाझींपासून १९४२ ते १९४४ लपून राहिलं, जिथून धरून नेलं आणि त्यातले बहुतेक परत आले नाहीत, तिथे दोन पोरं किस करतात आणि बाजूचे टुरिस्ट टाळ्या वाजवतात. टाळ्या मलाही नको होत्या, त्या खोट्या वाटतात. पण किस तिथेच का, याला पुस्तकात कारण आहे. हेझल ते उभे जिने ऑक्सिजनचा सिलेंडर घेऊन एकेक पायरी चढते, छाती फुटायची वेळ येते, आणि वर ॲनच्या वडिलांचा, ओटो फ्रँकचा व्हिडिओ चालू असतो ज्यात ते म्हणतात की माझं मुलीशी चांगलं जमायचं तरी डायरी वाचल्यावर कळलं की मला ती माहीतच नव्हती, आईबापांना आपली मुलं खरी कळत नाहीत. मुलगी गेलेला बाप बोलतोय आणि समोर ही मुलगी उभी आहे जिला हाच प्रश्न पडलाय. मला तर तो प्रसंग उद्धट वाटला नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलं मरणाच्या इतक्या जवळ उभी राहिल्यावर एकमेकांना धरणारच.

गणितवाल्यांचं एक खुसपट आहे तेही सांगते. शेवटाकडे चर्चमध्ये ऑगस्टस जिवंत असतानाच त्याची श्रद्धांजली सभा घेतात, त्याच्याच आग्रहाने, म्हणजे आपल्याबद्दल काय बोलतायत ते त्याला ऐकता यावं. तिथे हेझल म्हणते की शून्य ते एक यांच्यामध्ये अनंत संख्या आहेत आणि शून्य ते दोन यांच्यामध्ये त्याहून मोठं अनंत आहे. हे चूक आहे, गणितज्ञ कँटरच्या मांडणीनुसार ते दोन्ही अनंत एकाच आकाराचे. काही अनंत इतरांपेक्षा मोठे असतात हे मात्र खरं, तिचं उदाहरण चुकलंय. मला ते खटकलं नाही, उलट मोजक्या दिवसांत पण मोजता न येणारं काही मिळालं असं म्हणायला तिने गणित ओढून आणलं यात तिचं वय आणि तिची हुशारी दोन्ही दिसतं. आणि नंतर खऱ्या अंत्यविधीला ती हे काहीच बोलत नाही, गुळगुळीत चार वाक्यं बोलते, जी ऐकून ऑगस्टसच्या घरच्यांना बरं वाटेल अशी, कारण तिला तोपर्यंत कळलेलं असतं की अंत्यविधी मागे राहिलेल्यांसाठी असतो. बघा, परत मागे राहिलेलेच.

एक खटकलेली गोष्ट, मनापासून सांगते. पैसा. ॲमस्टरडॅमला जायला पैसे नाहीत असं आई एकदा म्हणते, उपचारांना खूप खर्च होतो एवढं येतं, आणि मग दार बंद. आपण परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर बाहेरगावच्या पेशंटचे संसार फुटपाथवर मांडलेले बघितलेत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब म्हणणारी माणसं बघितलीत, त्यामुळे वाचताना सारखं डोक्यात येतं की या घराचं कर्ज किती असेल, बाबांची नोकरी गेली तर या औषधाचं काय. अमेरिकेत पण कॅन्सर घरं बुडवतो. हेझलसारख्या बारीक बघणाऱ्या मुलीला हे दिसत नसेल हे मला पटत नाही, आई काय करणार याची इतकी काळजी असेल तर आई काय खाणार याची पण असेलच ना.

हे पुस्तक एस्थर अर्ल या मुलीला अर्पण केलंय. ग्रीन आणि त्याचा भाऊ व्हिडिओ करायचे, त्यातून त्याची एस्थरशी ओळख आणि मैत्री झाली, थायरॉईडचा कॅन्सर होता तिला, ऑगस्ट २०१० मध्ये सोळाव्या वर्षी गेली. यावरून काही लोक म्हणतात की मेलेल्या मुलीवर पुस्तक काढून कमावलं. मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. ग्रीन तरुणपणी मुलांच्या हॉस्पिटलमध्ये काही महिने शिकाऊ पाद्री म्हणून काम करायचा, हे पुस्तक त्याच्या डोक्यात तेव्हापासून होतं, आणि हेझल म्हणजे एस्थर नाही हे त्याने जाहीर सांगितलंय, पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की हे सगळं रचलेलं आहे, त्यात खरं शोधू नका. एस्थरच्या आईवडिलांनी पुढे कॅन्सर झालेल्या मुलांच्या घरांना पैशाची मदत करणारी संस्था काढली आणि २०१४ मध्ये तिची पत्रं, डायऱ्या एकत्र करून पुस्तक केलं. म्हणजे मुलगी गेल्यावर आईबाप काय करतात याचं खरं उत्तर पण या पुस्तकाच्या बाजूला उभं आहे. आणि ग्रीनचा आजारातला रस धंद्यापुरता नव्हता हे नंतर दिसलंच, तो आता टीबीच्या मागे लागलाय, २०२५ ला टीबीवर अख्खं पुस्तक लिहिलं, २०२३ मध्ये बेडाक्विलिन नावाच्या टीबीच्या औषधाच्या पेटंटवरून जॉन्सन अँड जॉन्सनवर दबाव आणायला त्याने आपल्या चाहत्यांना कामाला लावलं. त्याच वर्षी त्याच औषधाचं पेटंट लांबवायचा अर्ज भारताच्या पेटंट ऑफिसने फेटाळला, आणि त्या अर्जाला आव्हान देणाऱ्या दोघींपैकी एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, जिला टीबीच्या उपचारात ऐकू येईनासं झालं.

पिक्चरचं थोडक्यात. हॉलिवूडचा चांगला आहे, शैलीन वूडलीने हेझल फार समजून केलीय. याच पुस्तकावरचा हिंदी पिक्चर 'दिल बेचारा' २४ जुलै २०२० ला हॉटस्टारवर सगळ्यांना फुकट दाखवला, सुशांत सिंग राजपूत जाऊन दीड महिना सुद्धा झाला नव्हता, आपण सगळ्यांनी तो त्याच्यासाठी बघितला आणि त्याच्यासाठी रडलो, ते रडणं खरंच होतं. पण स्टोरी म्हणून बघितलं तर त्यात अपुऱ्या पुस्तकाच्या जागी अपुरं गाणं आलं, ॲमस्टरडॅमचं पॅरिस झालं, आणि गाणं अपुरं राहिलं तर त्यात कुणाची आई मागे राहत नाही ना. किझी, म्हणजे त्यातली हेझल, ते गाणं अपुरं सोडणाऱ्या गायकाला जे विचारते त्यात जीव उरत नाही. एवढा एक बदल केला आणि कणाच निघून गेला असं माझं मत.

कुणी वाचावं? नववी-दहावीपासून पुढे कुणीही, इंग्रजी सोपं आहे, मध्येमध्ये ऑगस्टस अवघड शब्द फेकतो ते सोडून दिले तरी चालतात. मुलांना द्यायचं असेल तर आधी स्वतः वाचा आणि मग एकत्र बोला, त्यांच्याकडे विचारायला खूप असेल. घरात आत्ता कुणी उपचार घेत असेल तर घाई करू नका, यातले ऑक्सिजनचे, आयसीयूचे प्रसंग फार जवळचे वाटतात, थोडे दिवस जाऊ द्या. पिक्चर आधी बघू नका, कारण मग हेझलचा मनातल्या मनात चालणारा आवाज तुम्हाला नट्यांच्या आवाजात ऐकू येतो आणि मजा जाते. आणि फुटपाथवरची स्वस्त पायरेटेड कॉपी घेऊ नका, तिच्यात अक्षरं पुसट असतात आणि पानं गळालेली असू शकतात, ओरिजिनल पेपरबॅक सगळीकडे मिळतं, लायब्ररीत तर नक्कीच मिळतं. वाचून झालं की चोविसावं प्रकरण, ते आईबाबांच्या भांडणाचं, परत एकदा वाचा. पहिल्यांदा वाचताना ऑगस्टस नुकताच गेलेला असतो, डोळे भरलेले असतात, त्यामुळे ते पानं उलटता उलटता निसटतं.